एक स्वल्पविराम

काही माणसांना सकाळी उठल्याबरोबर चहा लागतो, काहींना तपकीर लागते. आमच्या जुन्या संगणकाला उठल्याबरोबर एका बेपत्ता इसमाची चौकशी करायची सवय लागली होती. बटण दाबावे, पंख्याने घरघर करावी, पडद्यावर ती प्रसिद्ध हिरवी टेकडी उगवावी, आणि तिच्या ऐन मध्यावर एक करडी चौकट येऊन उभी राहावी : अमुक नावाची फाइल सापडत नाही, नाव बरोबर लिहिले आहे ना ते पाहा. आता, मी काही नाव लिहिलेच नव्हते! पण 'ठीक आहे' म्हटल्याखेरीज बाईसाहेब हलायच्या नाहीत. त्यांना वाटेला लावावे, तो 'माय डॉक्युमेंट्स'चे कपाट आपोआप सताड उघडे. रात्री घरात कोणी शिरून गेले असावे आणि जाताना दार लावायचे विसरले असावे, तसे.

ही गोष्ट २०१७ सालच्या जून महिन्यातली. मी नवीन शेव्यात राहणारा एक चित्रकला-शिक्षक. शिक्षण आमच्या आबांच्या भाषेत मॅट्रिक, पुढे चित्रकलेची पदविका. कादंबऱ्या लिहायला पदवी लागत नाही, म्हणून तेही करतो. हा संगणक मी २००८ साली जुनाच विकत घेतला होता. त्याच्यातली विंडोज एक्सपी ही प्रणाली जिने केली त्या कंपनीने ८ एप्रिल २०१४ पासून तिची देखभाल सोडली होती. पण म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरने हात टेकले म्हणून घरचे लोक काही त्याला लगेच बाहेर काढत नाहीत. ह्याच यंत्रावर मी दोन कादंबऱ्या लिहिल्या. त्याला इंटरनेट नव्हते, त्यामुळे त्याचे चारित्र्य शुद्ध आहे अशी माझी समजूत होती.

ती समजूत एका पेनड्राइव्हने मोडली. पेनड्राइव्ह कोणाचा ते सांगत नाही, कारण ते गृहस्थ दिवाळी अंक विकत घेऊन वाचतात. आत नेहमीसारखी पिवळी फोल्डरे दिसली, मी एकावर टिचकी मारली आणि फसलो. ते फोल्डर नव्हतेच. फोल्डरचा अंगरखा घातलेला व्हायरस होता. खरी फोल्डरे लपवायची आणि त्यांच्या नावाने, त्यांच्याच चेहऱ्याने आपण पुढे उभे राहायचे, हा ह्या जातीचा जुना धंदा.

पनवेलच्या एका दुकानदाराकडून व्हायरस मारण्याची तबकडी आणली. तिने तो शोधून मारलाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती करडी चौकट हजर! व्हायरस मेला, तरी त्याची चौकशी चालूच. शिवाय 'माय डॉक्युमेंट्स'चे जे कपाट आपोआप उघडत होते, ते आतून रिकामे दिसत होते. दुकानदाराने पडद्याकडे एकदा पाहिले आणि तो म्हणाला, "सर, यात काही उरलेलं नाही. फॉरमॅट मारून टाका. अर्ध्या तासाचं काम."

फॉरमॅट मारणे म्हणजे पाटी ओल्या फडक्याने पुसून टाकणे. पुसण्याला माझी एरवी हरकत नसते. फळ्यावरची चित्रे रोजच पुसतो. पण त्या कपाटात आबांचा आवाज होता.

आबा जाऊन त्या वेळी दोन वर्षे झाली होती. शेवटच्या दोन पावसाळ्यांत मी त्यांना संगणकासमोर बसवून बोलते केले होते. कादंबरीसाठी म्हणून सुरुवात केली आणि कादंबरी बाजूला राहिली. तेवीस संध्याकाळी ते जुन्या शेव्याबद्दल बोलले : कोणत्या खाजणात कोणते भात, मिठागरावर पहाटे पाय कसे चरचरत, जिताडा कोणत्या पाण्याला लागतो, बांध फुटला की सारा गाव चिखल घेऊन कसा धावे. त्या बांधाला एक उघाडी होती, म्हणजे ओहोटीला शेतातले पाणी खाडीत सोडायचे आणि भरतीचे खारे पाणी अडवायचे लाकडी दार. ते राखणे आबांकडे असे.

दुकानदाराच्या 'फॉरमॅट'चे मला भय का वाटले, ते सांगायला हवे. आमचा गाव एकदा फॉरमॅट होऊन चुकला आहे. न्हावा पनवेल तालुक्यात, शेवा उरण तालुक्यात. दोघांची सांगड बंदराने घातली. कागदोपत्री ते जवाहरलाल नेहरू बंदर, पण जगभरच्या जहाजांना ठाऊक आहे न्हावा शेवा. आमच्या मुलखातल्या जमिनींसाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ह्या दोन दिवसांत गोळीबारात पाच माणसे गेली. २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. त्याआधीच जुना शेवा उठला होता. आम्ही नवीन शेव्यात आलो. कोळीवाड्यातली मंडळी उरणजवळ हनुमान कोळीवाड्यात वसवली गेली, आणि त्या जागेला वाळवी निघाली. तिने दारे, चौकटी, आढी पोखरून काढली. बंदराने पुष्कळांना कामे दिली, हेही खरे. माझे निम्मे विद्यार्थी आज त्याच्याच आधारावर घरे चालवतात. पण जिथे आबांची उघाडी होती तिथे काय आहे, हे आता मलासुद्धा बोट ठेवून दाखवता येत नाही. ती जागा फक्त त्या तेवीस संध्याकाळींत शिल्लक होती. म्हणून मी संगणक गोणपाटात गुंडाळून परत आणला आणि एका जुन्या विद्यार्थ्याला निरोप धाडला. तो एका सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या गोदामात, संगणकावर काम करी. "सर, मंगळवारी संध्याकाळी येतो," म्हणाला.

तो मंगळवार होता २७ जून २०१७, आणि तो आला नाही.

त्या दिवशी साऱ्या जगात एक महाव्हायरस सुटला. पुढे त्याचे नाव पडले नॉटपेट्या. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक नावाच्या हिशेबी प्रणालीच्या सुधारणेतून तो शिरला आणि बघता बघता डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीची यंत्रे आडवी झाली. मर्स्क म्हणजे जहाजांचे साम्राज्य, आणि त्या साम्राज्याचे एक ठाणे आमच्या न्हावा शेव्यात : गेटवे टर्मिनल्स इंडिया. तिथले काम ठप्प झाले. कोणता कंटेनर कुठे ठेवला आहे हे यंत्राला ठाऊक, आणि यंत्राची वाचा गेलेली. मग कागद-पेन्सिल आली.

दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारचा ट्रेलरवाला दुपारीच घरी. तो ओट्यावरून ओरडला, "मास्तर, तुमच्या डब्यातला किडा बंदरात गेला का काय?"

तो थट्टेने म्हणाला. पण संध्याकाळपर्यंत आळीत तीन माणसांनी मला हाच प्रश्न गंभीरपणे विचारला. आमची मंडळीही दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, तुमचा तो पेनड्राइव्ह बंदरातल्या कुणाला दिला नाहीत ना?" तिला समजावले की माझ्या संगणकाला बाहेरच्या जगाची वाटच नाही. बिनइंटरनेटचा संगणक ही नामी साक्ष असते, हे मला त्या दिवशी कळले.

त्या महाव्हायरसाची करणी मात्र ऐकण्यासारखी आहे. तो शिरल्यावर काही वेळ गप्प बसे, मग यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. सुरू होताना पडद्यावर अक्षरे उमटत : डिस्कची दुरुस्ती चालू आहे, यंत्र बंद करू नका. बिचारा माणूस हात जोडून बसे, आणि त्या 'दुरुस्ती'च्या आड सगळ्या फायलींना कुलपे लागत. मग तांबड्या अक्षरांत ३०० डॉलरच्या बिटकॉइनची मागणी. आणि ती भागवली तरी किल्ली मिळण्याची सोय नव्हतीच. त्या वेळी शहाण्यासुरत्यांनी एकच सल्ला दिला होता : ती खोटी दुरुस्ती दिसताक्षणी वीज तोडा. आमच्यासारख्याला हे उलटेच वाटते. दुरुस्ती चालू असताना वीज तोडायची?

पण विजेने मर्स्कलाही तारले. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला नाही, ह्याची वही राखणारे त्यांचे सर्व्हर जगभर एका वेळी पुसले गेले. वाचला एकच, घाना देशातला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! त्याच्यातला ऐवज विमानाने, वाटेत नायजेरियात एका हातातून दुसऱ्या हातात देत, इंग्लंडला पोचवला आणि त्यावरून सारी इमारत पुन्हा उभी केली. १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात. वीज गेली की आपण मंडळाच्या नावाने बोटे मोडतो. पण कुठल्या काळोखात काय सुखरूप राहिले असेल, सांगता येत नाही.

हे तपशील मी पुढच्या वर्षी वाचले. तूर्त आमचा विद्यार्थी बारा-तेरा दिवसांनी उगवला, डोळे तारवटलेले. गोदामात माल साचला होता, त्याला रात्रपाळ्या लागल्या होत्या. चहा घेतला आणि यंत्रासमोर बसला. त्याने दुरुस्तीला हात घातला नाही. आधी एक काळी चौकट उघडली आणि तीत 'अ‍ॅट्रिब' अशी एक आज्ञा लिहिली. तिच्यापुढे उणे एच, उणे एस. म्हणजे 'लपलेले' हा शिक्का काढ आणि 'यंत्राचे खाजगी' हा शिक्काही काढ. एन्टर दाबले आणि रिकाम्या कपाटात एकेक फोल्डर उमटू लागले. मी तेविसापर्यंत मोजले.

"सर, गेलं काहीच नव्हतं," तो म्हणाला. "फक्त लपवलं होतं."

मी काही बोललो नाही. चष्मा पुसायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा तो त्या फायली दोन तबकड्यांवर उतरवत होता. एक तुमच्याकडे, एक दुसऱ्या गावी ठेवा, म्हणाला. घानाची गोष्ट त्यालाही तेव्हा ठाऊक नव्हती, पण शहाणपण तेच.

मग चौकटीकडे वळलो. त्याने मला समजावले ते मी माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. यंत्रात एक हजेरीपट असतो. त्याला रजिस्ट्री म्हणतात. सकाळी शाळा भरली की कोणाकोणाला हाक मारायची, त्यांची नावे त्यात असतात. व्हायरस आत येताना आपले नाव ह्या पटावर घालून ठेवतो. मारणाऱ्या तबकडीने पोराला शाळेतून घालवले, पण पटावरचे नाव खोडले नाही. म्हणून गुरुजी रोज हाक मारतात आणि उत्तर येत नाही म्हणून तक्रार करतात. तक्रार करणारी चौकट म्हणजे व्हायरस नव्हे. व्हायरस गेल्याची ती पावती.

पट उघडायला गेलो, तर यंत्र म्हणाले, तुमच्या प्रशासकाने मनाई केली आहे. प्रशासक मीच! तीही त्या व्हायरसाचीच करामत. तेव्हा एफ-८ दाबून 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे मोजक्या चाकरांनिशी, यंत्र उठवले आणि त्याने ऑटोरन्स नावाच्या एका फुकट मिळणाऱ्या साधनाची जुनी आवृत्ती चालवली. सुरुवातीला उठणाऱ्या सगळ्यांची यादी ते मांडते आणि ज्यांची फाइल जागेवर नाही त्यांना पिवळा रंग देते. आमचा बेपत्ता इसम पिवळ्या पट्टीत सापडला. एक खूण काढली, चौकट संपली.

राहिले आपोआप उघडणारे कपाट. त्याचे मूळ पटाच्या 'युजरइनिट' नावाच्या ओळीत निघाले. मनाईचा शिक्काही आता उठवला होता. विद्यार्थी गंभीर झाला. "सर, ही ओळ पूर्ण गेली, तर यंत्र तुम्हाला आत घेईल आणि त्याच क्षणी बाहेर काढेल. दारातच घुमत राहाल." मी चष्मा सरसावून ओळ वाचली. तीत एका फाइलीचे नाव होते, मग स्वल्पविराम, आणि मग पुन्हा तेच नाव.

वाचकहो, छापखान्याची मुद्रिते तपासण्यात माझी निम्मी हयात गेली. मॅट्रिक माणसालाही द्विरुक्ती कळते! स्वल्पविरामापुढचे ते दुसरे नाव मी माझ्या हाताने खोडले. स्वल्पविरामही खोडणार होतो, वाक्याच्या शेवटी तो कशाला? विद्यार्थ्याने माझे मनगट धरले. "तो राहू द्या सर. तो मूळचाच आहे."

यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. टेकडी उगवली. चौकट नाही, कपाट नाही. सगळे स्वच्छ.

त्या रात्री आम्ही तिघांनी आबांची एक संध्याकाळ ऐकली. तीत ते उधाणाबद्दल बोलतात. मला मात्र आठवला नवीन शेव्यातला आबा. अमावास्या-पौर्णिमेच्या रात्री ते अंथरुणात उठून बसत आणि म्हणत, "उघाडी बघून येतो." उघाडी नाही, बांध नाही, शेत नाही. मी शिकलेला मुलगा, एकदा म्हणालो, "आबा, आता कुठली उघाडी?" आईने माझ्याकडे असे पाहिले की पुन्हा बोललो नाही. ती उठे, त्यांच्या हातात बॅटरी देई. आबा आळीच्या कोपऱ्यापर्यंत जात, अंधारात उभे राहत, परत येत. "बंद आहे," म्हणत, आणि शांत झोपत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्र सुरू केले. टेकडी उगवली आणि माझे बोट आपोआप 'ठीक आहे' दाबायला गेले. चौकट नव्हती. पुढचे तीन-चार दिवस असेच झाले. आमची ही दारातून पाहत होती. काही बोलली नाही. चहा पुढे ठेवला आणि आत गेली.