भोपळ्याच्या फुलापाशी

मुलांना मधमाशीची ओळख करून द्यावी, हे आम्हांस फार उशिरा सुचले. आणि तेही एका अपराधानंतर.

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात आमचे गाव आहे. तेथील प्रार्थनामंदिराच्या आवारात एक जुना पिंपळ उभा आहे. पावसाळा सरला की त्याच्या उंच फांदीवर आग्या मोहोळ येऊन बसे. काही वर्षांपूर्वी, पास्काच्या सणाला लेकुरवाळ्या येतील, कुणास माश्या डसतील, या धास्तीने आम्ही वडीलधाऱ्यांनी ते जाळण्याचे ठरविले. हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. रात्री बांबूच्या टोकाला पेटता बोळा बांधून काम उरकण्यात आले. सकाळी धर्मशिक्षणाच्या वर्गास आलेल्या मुलांना पिंपळाखाली मेलेल्या माश्यांचा सडा दिसला. एका मुलीने त्यांतील काही ओंजळीत उचलल्या आणि आम्हांस विचारले, “सर, यांनी काय केलं होतं?”

आम्ही निरुत्तर झालो. त्याच आठवड्यात पवित्र शनिवारी पास्काची मेणबत्ती उजळली. तिच्यापुढे गायिल्या जाणाऱ्या प्राचीन लॅटिन स्तुतिगीतात मधमाश्यांच्या श्रमाचा आदराने उल्लेख आहे, हे आम्हीच वर्गात अनेकदा सांगितले होते. त्या रात्री ज्योतीकडे पाहण्याचे धैर्य होईना.

प्रायश्चित्त म्हणून आम्ही मुलांना मधमाशी शिकवू लागलो. प्रारंभी फळ्यावर चित्र काढून व्याख्यान दिले. मुले जांभया देऊ लागली. मग पावसाळ्यात कुंपणावर लाल भोपळ्याचा वेल फुलला, आणि त्यानेच आमचे काम हलके केले.

भोपळ्याची नर फुले वेगळी, मादी फुले वेगळी. मादी फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा आधीच दिसतो. दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या चार मादी कळ्या मुलांनी हेरल्या. त्यांतील दोहोंवर सायंकाळीच मलमलीच्या पिशव्या बांधल्या, दोन मोकळ्या ठेवल्या. सकाळी मुले काही अंतरावर निश्चल बसली. माश्या आल्या; नर फुलातील पिवळे पराग अंगाला माखून मादी फुलात शिरल्या. दुपारपर्यंत फुले मिटली. पाचसहा दिवसांत पिशवीतील इवले भोपळे पिवळे पडून गळाले, मोकळे मात्र फुगू लागले. “माशी आली नाही, म्हणून भोपळा नाही,” असे एका मुलाने आपणहून म्हटले. आमच्या साऱ्या व्याख्यानाहून ते एक वाक्य मोठे होते.

मग प्रश्न थांबेनात. “वसमतच्या हळदीला माशी लागते का?” नाही, हळद कंदापासून वाढते. पण दोडका, कारले, सूर्यफूल यांना ती हवीच. तूर आणि करडई यांनाही तिचा हातभार लागतो. मुलांनी बांधावरच्या झुडपात तळहाताएवढे फुलोरीचे पोळे शोधले. ढोलीत अंधारात राहणारी ती सातेरी, आणि तीच पेटीत पाळता येते. आग्या मात्र उघड्यावरच राहतो, पेटीत रमत नाही, हेही त्यांना उमगले. कामाच्या हंगामात कामकरी माशीचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे. फुलोऱ्याची दिशा व अंतर ती आपल्या बहिणींना नाचून सांगते. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला, हे ऐकून मुले वर्गातच नाचून दिशा दाखवू लागली.

भीती खोटी आहे, असे आम्ही मुलांना सांगितले नाही. आग्या मोहोळाजवळ जाऊ नये, दगड मारू नये, धूर करू नये. माश्या उठल्याच तर हात न झटकता, तोंड झाकून घरात पळावे. काटा रुतला तर तो त्वरित काढावा. धाप लागली तर क्षणही न दवडता दवाखाना गाठावा. मात्र डंख मारताना काटा कातडीत अडकून कामकरी माशी स्वतः मरते, हेही सांगितले. तेव्हा वर्ग शांत झाला.

मुलांकरवी ही शिकवण घरी पोहोचली. तूर फुलोऱ्यात असताना सकाळी फवारणी केली की पराग गोळा करणाऱ्या माश्या औषधाखाली सापडतात. फवारायचेच तर सूर्य मावळताना फवारावे. एका मुलाने हे वडिलांना सांगितले. वडील प्रथम हसले, पण पुढल्या फवारणीला त्यांनी सायंकाळपर्यंत वाट पाहिली.

महाराष्ट्राला हे ज्ञान नवे नाही. महाबळेश्वरला १९४६ पासून मधसंचालनालय आहे. त्याच परिसरातील मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ झाले. वर्ध्याचे डॉ. गोपाळ पालीवाल यांनी तर आग्याच्या पोळ्यातील केवळ मधाचा भाग कापून घेण्याची, माश्या व पिल्ले जिवंत ठेवण्याची रीत मध काढणाऱ्यांना शिकविली. मार्ग होते, आम्ही ते विचारले नाहीत, एवढेच.

पिंपळ दोन वर्षे रिकामा राहिला. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर फांदीवर पुन्हा काळे मोहोळ लोंबू लागले. पास्कापूर्वी बैठक बसली. या वेळी आम्ही आधी मुलांना बोलावले. त्यांनी सुचविले की मिरवणूक मागच्या दाराने न्यावी आणि पिंपळाच्या दिशेचे दिवे रात्री बंद ठेवावेत, कारण उजेडाकडे आग्या झेपावतो. तसेच ठरले.

त्या पवित्र शनिवारी अंधारात मेणबत्ती पेटली, तेव्हा ती मुलगी आमच्या शेजारी उभी होती. पिंपळावर काही हालचाल नव्हती. स्तुतिगीत सुरू झाले आणि तिने हळूच आमच्याकडे पाहिले. या वेळी आम्ही नजर चुकविली नाही.