जुना प्रोसेसर काढण्याआधी

आमच्या घरात कॉम्प्युटर एकच आहे आणि त्यावर दोघींची कमाई चालते. सकाळी मी बसते. मराठी-उर्दू टायपिंग, बिलबुके, निकाहच्या पत्रिका अशी कामे करते. दुपारनंतर लेक बसते. तिने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे आणि तारापूर एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्यांची ड्रॉइंग्ज ती घरून करून देते. २०१९ मध्ये घेतलेली ही मशीन माझ्या कामाला आजही पुरते. लेकीच्या थ्री-डी कामाला मात्र ती पुरेना. टाकीचे मॉडेल जरा फिरवले की पडदा जागच्या जागी थिजायचा.

नवी मशीन घेण्याइतके पैसे नव्हते. लेकीने वेगळा हिशोब मांडला. आमच्या मदरबोर्डचा चिपसेट बी४५०, सॉकेट एएम४. त्यात चार कोअरचा रायझन ३ २२००जी होता. त्याच सॉकेटात सहा कोअरचा रायझन ५ ५६००जी बसतो. म्हणजे बोर्ड, कॅबिनेट, डिस्क सगळे तेच ठेवायचे आणि फक्त प्रोसेसर बदलायचा. नावातला शेवटचा ‘जी’ महत्त्वाचा. आमच्याकडे वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि साध्या ५६०० मध्ये ग्राफिक्स नसते. तो बसवला असता तर पडद्यावर काहीच आले नसते.

जुना प्रोसेसर पालघरच्या माझ्या भाच्याला हवा होता. त्याने अर्धे पैसे आगाऊ दिले. त्यात भर घालून लेक बोईसरहून लोकलने गेली, ग्रँट रोडला उतरली आणि लॅमिंग्टन रोडवरून नवा प्रोसेसर घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी दुपारीच भाचा दारात हजर. “आपा, जुना काढून दे ना. संध्याकाळच्या गाडीने परत जातो.”

लेक म्हणाली, “आज थांब. आधी बायोस अपडेट करायचंय.”

बायोस म्हणजे मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये लिहून ठेवलेला प्रोग्राम. बटण दाबल्यावर विंडोजच्याही आधी तो जागा होतो आणि प्रोसेसर, रॅम, डिस्क यांची ओळख पटवतो. आमच्या बोर्डातला बायोस २०१९ चा आणि ५६००जी बाजारात आला २०२१ मध्ये. पिना बरोबर बसल्या असत्या, पण बोर्डाने त्याला ओळखले नसते. पंखा फिरला असता आणि पडदा काळाच राहिला असता. असे झाले की लोक नवा प्रोसेसर खराब निघाला असे समजून दुकानदाराशी भांडायला जातात.

मुळात हा मेळ जमेल की नाही, याचीच एकदा शंका होती. मे २०२० मध्ये एएमडी कंपनीने सांगितले होते की पुढच्या पिढीचे प्रोसेसर बी४५० वर चालणार नाहीत. कारण साधे होते. बऱ्याच बोर्डांवरची बायोसची चिप १६ एमबीची, आणि इतक्या सगळ्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावत नव्हती. ग्राहकांनी नाराजी दाखवली, तेव्हा त्याच महिन्यात कंपनीने निर्णय बदलला. त्यामुळे काही नव्या बायोसमधून फार जुन्या प्रोसेसरांचा आधार काढला गेला. म्हणून बायोससोबतची सूचना पूर्ण वाचावी लागते.

हे सगळे माझ्या सासूबाई तसबीह हातात घेऊन ऐकत होत्या. त्या भाच्याला म्हणाल्या, “बेटा, जुन्याला आत्ताच घेऊन गेलास तर नव्याची ओळख करून देणार कोण?”

मुद्दा नेमका हाच होता. बहुतेक बोर्डांवर बायोस बदलायला मशीन चालू लागते आणि मशीन चालू करायला जुनाच प्रोसेसर लागतो. भाचा मुक्कामाला राहिला.

दुसरी काळजी विजेची. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर चिपमध्ये अर्धवट मजकूर राहतो आणि बोर्ड सुरूच होत नाही. शव्वालचा महिना, माझ्याकडे पत्रिकांची कामे पडलेली आणि उन्हाळ्यामुळे वीज जाऊन-येऊन. तारापूरचे अणुवीज केंद्र देशातले पहिले, १९६९ पासूनचे. पण तिथली वीज आधी मोठ्या ग्रीडमध्ये जाते. आमच्या गल्लीतली तार तुटली की केंद्र शेजारी असून काय उपयोग! घरात इन्व्हर्टर आहे, पण वीज गेल्यावर त्यावर यायला क्षणभर लागतो. पंख्याला तो चालतो, कॉम्प्युटर त्यात बंद पडू शकतो. शेवटी झेरॉक्सवाल्या भाईंकडून एका रात्रीसाठी यूपीएस मागून आणला. मगरिबच्या सुमारास वीज दोनदा गेली, तेव्हा लेकीने काम इशानंतर करायचे ठरवले.

तोवर तिने तयारी केली. बोर्डावर छापलेले पूर्ण मॉडेल आणि रिव्हिजन नंबर वहीत उतरवला. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर त्याच मॉडेलच्या यादीत ५६००जी शोधला आणि त्याला कोणत्या आवृत्तीपासूनचा बायोस लागतो ते पाहिले. फाइल तिथूनच घेतली, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर उघडून ठेवली. आमच्या दोघींच्या कामांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. विंडोजमध्ये डिस्क लॉक केलेली नाही याची खात्री केली. लॉक असेल तर रिकव्हरी की आधीच लिहून ठेवावी लागते.

रात्री दहा वाजता डिलीट बटण दाबून ती बायोसमध्ये गेली आणि फाइल निवडली. टक्के सरकू लागले. काही मिनिटे घरात कोणी बोलले नाही. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाली, आवृत्ती नवी दिसली.

मग कूलर काढायचा होता. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. पेस्ट वाळलेली असली तर कूलरसोबत प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन नुकतीच चालून गरम होती, पेस्ट मऊ होती. प्लग काढून लेकीने कूलर हळूहळू डावी-उजवीकडे फिरवत उचलला. कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून नवा प्रोसेसर बसवला, नवी पेस्ट लावली.

बटण दाबले. पडदा काळा. भाच्याचा हात बटणाकडे गेला, लेकीने तो अडवला. पहिल्या वेळी रॅमची जुळवाजुळव व्हायला वेळ लागतो. मग पडद्यावर सूचना आली: नवा प्रोसेसर बसवला आहे, सुरक्षेची जुनी नोंद पुसू का? डिस्क लॉक नव्हती, म्हणून तिने ‘वाय’ दाबले. विंडोज सुरू झाले. टाकीचे मॉडेल न अडखळता फिरले, तेव्हा सासूबाईंनी अल्हम्दुलिल्लाह म्हटले.

काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय पेनड्राइव्हवरून बायोस लिहिण्याचे वेगळे बटण असते. आमच्यावर नाही. तुमचा जुना प्रोसेसर आधीच गेला असेल आणि असे बटणही नसेल, तर घरी खटपट करू नका. स्वतःकडचा जुना प्रोसेसर लावून हे काम करून देणारे दुकान शोधा. आणि मशीन ठीक चालत असेल, नवा प्रोसेसर घालायचा नसेल, तर कोणी सांगितले म्हणून उगाच बायोसला हात लावू नका.

सकाळी भाचा पिना जपत, डबीत ठेवलेला प्रोसेसर घेऊन पालघरला गेला. उरलेले पैसे त्याने निघताना लेकीच्या हातावर ठेवले.