किल्ला पाहिलात, आता गोपुरीही पाहा

मे महिन्यात चाकरमानी मंडळी गावी आली की मुलाबाळांना घेऊन मालवणला जातात. होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ला पाहतात, किनाऱ्यावर वाळूत खेळतात, बांगड्याची आमटी-भात जेवतात आणि संध्याकाळच्या एस.टी.ने माघारी फिरतात. हे जरूर करावे. शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर ज्या किल्ल्याचा पाया घातला, तो आपल्या मुलांनी पाहिलाच पाहिजे. पण परतताना कणकवलीला अर्धा दिवस थांबावे, असे आमचे सांगणे आहे.

कणकवलीजवळ, गड नदीच्या परिसरात, वागदे येथे गोपुरी आश्रम आहे. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी तो १९४८ साली स्थापन केला. लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणत. जन्माने ब्राह्मण, शिक्षणाने एम.ए., आणि १९३० च्या शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहातील पुढारी. पुढे रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितले. ते काम ठरावीक जातीच्या कैद्यांकडेच असे, म्हणून सरकारने नकार दिला. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवडा तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केले. बाहेर आल्यावर अप्पासाहेबांनी मैला साफ केला, मेलेल्या जनावरांची कातडी सोलली, त्यासाठी स्वजातीयांचा रोष सोसला.

एवढा त्याग करणाऱ्या माणसापुढे आपली मान आपोआप लवते. तरीही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हे काम सवर्णाने हाती घेतल्याने, ज्यांच्यावर ते पिढ्यान् पिढ्या लादले होते त्यांची सुटका झाली का?

मालवणकडच्या एका बौद्धवाडीत आम्ही हा प्रश्न एका वृद्ध आबांना विचारला. ते म्हणाले, "माज्या बापाशीन ढोरां ओढूची सोडल्यान, तेवा गावान आमका वाळीत टाकल्यान. दोन वर्सां कोणी कामाक बोलवक नाय. पण बापूस काय परत गेलो नाय."

ही हिंमत कोठून आली? मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे व मृतमांस खाणे सोडा, असे सांगितले. अप्पासाहेब ते काम उचलून त्याला प्रतिष्ठा देऊ पाहत होते, तर बाबासाहेब ते खाली ठेवायला सांगत होते. भंगीकाम थोर आहे असे त्याच जातीला सांगत राहणे म्हणजे गुलामीच गोड करून दाखवणे होय, असा बाबासाहेबांचा आक्षेप होता. आणि नुसते काम सोडून भागत नव्हते, कारण पोटाचा प्रश्न जमिनीशी बांधलेला होता. म्हणूनच बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले व १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने.

असा पेच फक्त आपल्याकडेच पडला असे नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी धर्मजागृतीची मोठी लाट आली. गावोगाव उघड्या मैदानावर प्रवचने होत. त्या लाटेतून दारूबंदीची चळवळ जोमाने वाढली, गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीला बळ मिळाले. पण गुलामी पाप आहे म्हणणाऱ्या चर्चमध्येही काळ्या माणसाला वेगळ्या बाकावर बसवले जाई. त्याआधीच फिलाडेल्फियाच्या एका चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना काळ्या भाविकांना उठवले गेले, तेव्हा रिचर्ड अॅलन हे आपल्या माणसांसह तेथून बाहेर पडले. अॅलन स्वतः गुलामीत जन्मलेले. १८१६ साली त्यांच्या नेतृत्वाखाली काळ्या लोकांचा स्वतंत्र धर्मपंथ उभा राहिला. अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. महात्मा फुल्यांनी १८७३ सालचे 'गुलामगिरी' हे पुस्तक तेथील गुलामीविरुद्ध लढलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केले. गोऱ्या सुधारकांच्या त्यागाची त्यांनी कदर केली. परंतु अॅलन यांनी जे केले, तेच १९५६ साली नागपुरात आपल्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी केले. जेथे मागे बसवतात, तेथून उठून बाहेर पडले.

मग गोपुरीला कशासाठी जावे? कारण अप्पासाहेब नुसते प्रायश्चित्त घेऊन थांबले नाहीत. मैल्याचे खत व्हावे आणि तो डोक्यावरून वाहण्याची पाळी कोणावर येऊ नये, अशा सोप्या संडासांचे प्रयोग त्यांनी केले. त्यांच्या साऱ्या कामात आम्हाला हेच सर्वांत मोलाचे वाटते. झाडू कोणाच्या हातात आहे हे बदलून थोडे बदलते. पाटीच नको अशी सोय झाली की पुष्कळ बदलते.

सुधारकाची पारख करायला आम्ही एकच कसोटी लावतो. त्याच्या कामाने कोणाच्या डोक्यावरचे ओझे उतरले? हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारे कायदे १९९३ व २०१३ साली झाले. तरीही गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरून आजही माणसे गुदमरून मरतात आणि त्यांत बहुतेक आपल्याच भाऊबंदांची नावे असतात. तेथे अद्याप ना अप्पासाहेबांचा संडास पोहोचला, ना बाबासाहेबांचा कायदा.

म्हणून बंधुभगिनींनो, यंदा मुलांना किल्ल्याबरोबर गोपुरीही दाखवा. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ढोरे ओढणे कसे सोडले, ते त्यांना ऐकवा. आणि शहरात परतल्यावर आपल्या चाळीखालच्या गटारात कोणी माणूस उतरताना दिसला, तर ठेकेदाराला यंत्र कुठे आहे ते विचारा. एकट्याने नको, चौघांनी मिळून विचारा.