तुरटीचं काम

दाढी आटोपली की बरीच गिऱ्हाइकं सांगतात, "तुरटी जरा दाबून फिरवा, झोंबल्याशिवाय दाढी झाल्यासारखी वाटत नाही." माझ्या धोकटीत तुरटी कायम असते, तिच्यावर माझा विश्वासही आहे; पण तिचं काम वेगळं. वस्तरा लागून रक्ताचा ठिपका आला, की ओला खडा त्यावर क्षणभर दाबायचा. रक्तातली प्रथिनं तिथल्या तिथे साकळतात, कातडी आवळते, रक्त थांबतं. तीच तुरटी अख्ख्या गालावर चोळून वाळू दिली, तर त्वचा कोरडी पडते आणि आग उलट वाढते. म्हणून ती गार पाण्यानं धुवायचीच. आणि पातं बदलायचं पण खडा सगळ्यांना एकच, हे मला मुळीच पटत नाही. 'ब' काविळीचा विषाणू शरीराबाहेर ७ दिवससुद्धा तग धरतो. मी लहान तुकडे करून ठेवतो, ज्याचा त्याला.

आग होत असेल तर आधी गार पाण्यात पिळलेला स्वच्छ पंचा, निवांत पाचेक मिनिटं. मग कोरफड. पान कापलं की सालीलगतचा पिवळा चीक गळतो; खाज सुटते ती बहुधा त्यानं. पान उभं धरून तो निथळू द्यावा, साल काढून गर धुवावा आणि आधी हातावर लावून पाहावा. कोरड्या त्वचेला खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरतात, मुरमं असतील तर तेही नको. लिंबू मात्र कुणी कितीही सांगो, लावू नका. रस लावून उन्हात गेलं की चट्टे उठू शकतात, काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. गळा वस्तऱ्याखाली देऊन माणूस डोळे मिटतो, तेव्हा त्याची कातडी मला राखायची असते. कोमट पाण्यानं खुंट मऊ होईपर्यंत मी घाई करत नाही. गुळगुळीतपणासाठी उलटा हात मारला की कुरळा केस कातडीच्या आत कापला जातो, वाढताना वळून आतच रुततो आणि हनुवटीखाली पुरळ उठतं. अशांची दाढी मी केसांच्या दिशेनंच करतो, कातडी ताणत नाही. सफाई कमी झाली म्हणतात, म्हणू देत. पुरळ फार असेल तर वस्तरा बाजूला ठेवून मशीननं केस बारीक करतो. पू दिसला तर कुठलाच घरगुती उपाय न सांगता त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवतो.