मायना

पत्रातला मायना म्हणजे उसाचे चिपाड, असे पुष्कळांना वाटते. रस तेवढा घ्यावा आणि चोथा फेकून द्यावा! हल्ली ईमेल लिहिणारी मंडळी तर मायन्याच्या वाटेलाच जात नाहीत. मला मात्र पत्र हाती आले की आधी मायना वाचावासा वाटतो. मजकूर कामाचा असतो; मायना माणसाचा असतो.

माझी पुतणी पुण्यातल्या एका कारखान्याचा चिनी पत्रव्यवहार सांभाळते. तिच्या तोंडून त्या पत्रांच्या रीतीभाती ऐकताना आपण परमुलखात आलो आहोत, असे मला मुळीच वाटत नाही. कामाच्या पत्रात चिनी माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची नाही. आधी ‘आदरणीय’, मग आडनाव, मग हुद्दा. ‘आदरणीय वांग व्यवस्थापक’! गृहस्थ उपव्यवस्थापक असले, तर ते ‘उप’ बहुधा हळूच गाळायचे. आपणही पोलीस शिपायाला ‘हवालदार’ म्हणतोच की!

मग ओळ बदलून ‘नीन हाओ’ असे क्षेमकुशल. ‘नी’ म्हणजे तू आणि ‘नीन’ म्हणजे आपण. गंमत अशी, की ‘नी’ या अक्षराखाली ‘हृदय’ हे अक्षर काढले की ‘नीन’ होते. आदर दाखवायला आपल्याला अनेकवचन लागते. त्यांच्या लेखणीला एक हृदय पुरते!

नकारही तोंडावर फेकायचा नाही. ‘आम्ही आणखी विचार करून पाहू’ असे आले, की शहाण्याने काय ते ओळखावे. शेवटी ‘आपल्या व्यापारास बरकत येवो’ अशा अर्थाची शुभेच्छा, खाली सही आणि तारीख. तीही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. अफाट काळाच्या पायऱ्या उतरत उतरत आजच्या दिवसापाशी यायचे!

‘हा सगळा देखावाच ना?’ असे कोणी विचारील. असेलही. पण रिकामा देव्हारा घरात असला, तर वेळेला त्यात दिवा ठेवता येतो. देव्हाराच नसला तर दिवा ठेवायचा कुठे?

२०२० च्या फेब्रुवारीत चीनमध्ये साथीने थैमान घातले होते. पुतणीने पत्राखालची बरकतीची ओळ खोडली आणि ‘प्रकृतीस जपावे’ असे लिहिले. मार्चअखेर आपल्याकडेही दारे बंद झाली. थोड्याच दिवसांत तिकडून पत्र आले. माल, दर, मुदती, सारे नेहमीसारखे कोरडे ठणठणीत. शेवटची ओळ तेवढी नवी होती : ‘आपण व आपल्या घरची मंडळी सुखरूप असोत.’

लिहिणाऱ्याला तिने कधी पाहिलेले नाही. पुढेही पाहील असे नाही. त्या संध्याकाळी तिने ते पत्र मराठी करून आम्हां सर्वांना वाचून दाखविले. मालाचा दर काय होता, ते आज घरात कोणालाही आठवत नाही.