वाकडी फरशी

मोरीतली फरशी वाकडी बसवली म्हणून मी गवंड्याचे शेवटचे पैसे अडवून धरले होते. सौ. म्हणाली, "अहो, फरशी सरळ आहे!" पण विरारच्या फलाटावरून रूळही वाकडे दिसू लागले, तेव्हा मात्र मी निमूटपणे डोळ्यांचा डॉक्टर गाठला.

त्यांनी चौकटींचा कागद पुढे धरला. मधल्या रेषा पाण्यात पडल्यासारख्या!

"मॅक्युलर डिजनरेशन. ओला प्रकार."

दर पावसाळ्यात नालासोपाऱ्याचं गुडघाभर पाणी तुडवणाऱ्याला दुसरा कुठला प्रकार होणार? पडद्याच्या मधोमध नको त्या रक्तवाहिन्या फुटतात आणि गळतात म्हणे. उपाय इंजेक्शन; तेही थेट डोळ्यात, सुरुवातीला दरमहा. त्यातलं एक औषध मूळचं आतड्याच्या कॅन्सरचं, २००४ सालचं. पोटातून डोळ्यात बढती!

"पूर्वीसारखं दिसेल ना?"

"आहे ते टिकवायचं. थोडं सुधारलं तर उत्तम."

परतताना लोकलमध्ये मी गप्पच होतो. घरी येऊन गवंड्याला बोलावलं, पैसे दिले. त्याचा चेहरा काही धड दिसला नाही. तो नेमका मधोमध होता. बाजूने पुढे आलेला हात मात्र स्वच्छ दिसला.