वगळलेले ठिपके

विष्णुपुरी, नांदेड. इथल्या विद्यापीठातून आणि लातूर-उदगीरच्या महाविद्यालयांतून ‘चंद्रा’ या क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांवर शोधनिबंध निघाले आहेत. विषय बहुधा दीर्घिकांतला आणि त्यांच्या समूहांतला तप्त वायू. या कामात आधी प्रतिमेतले ठिपके शोधायचे, त्यांभोवती वर्तुळे काढायची आणि ते वगळायचे. मगच वायू मोजायचा.

•

दीर्घिकेच्या प्रतिमेतल्या ठिपक्यांत काही दूरचे क्वेसार असतात. उरलेले बहुतेक युग्मतारे : एक साधा तारा, दुसरा न्यूट्रॉन तारा नाहीतर कृष्णविवर. साध्या ताऱ्याचा वायू जोडीदाराकडे ओढला जातो. दोघे एकमेकांभोवती फिरत असल्याने तो थेट कोसळत नाही. गरगरत त्याची चकती होते. तिचा आतला भाग घासून कोटी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण फेकतो.

•

न्यूट्रॉन ताऱ्याचे वस्तुमान साधारण सूर्याच्या १.४ पट, व्यास वीसेक किलोमीटर. लातूरहून निघून औशाला पोचेतो एक अख्खा तारा ओलांडून होतो.

•

हवा क्ष-किरण गिळते. १९६२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ जियाकोनी आणि सहकाऱ्यांनी रॉकेटवरून उपकरण वर नेले, तेव्हा वृश्चिकातला स्को एक्स-१ हा क्ष-किरण स्रोत सापडला. या किरणांपुढे उंच डोंगरावरची वेधशाळा आणि गोदाकाठ सारखेच आंधळे. उपग्रहाची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात. इथल्या पोराला संगणक, चांगले इंटरनेट आणि चिकाटी मिळाली की झाले.

•

भारताचा ॲस्ट्रोसॅट उपग्रह, उड्डाण २८ सप्टेंबर २०१५, श्रीहरिकोटा. त्यावरचे लॅक्सपीसी हे क्ष-किरण उपकरण मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने घडवले. फोटॉन आल्याची वेळ ते सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत टिपते. गरुडातल्या जीआरएस १९१५+१०५ या कृष्णविवराच्या जोडीची चकती सेकंदात अनेकदा लुकलुकते. ते मोजायला असेच घड्याळ लागते.

•

शेजारच्या हिंगोलीत, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. केंद्राची मंजुरी एप्रिल २०२३. काही जोड्यांत पुढे दुसरा ताराही कोसळतो, मग दोन्ही गोळे एकमेकांत विलीन होतात. त्या क्षणाचा थरकाप तिथे नोंदला जाईल. त्यांच्या संसाराची आधीची हकीकत मात्र क्ष-किरणांतच वाचायची.

•

विद्यार्थ्यांना सांगायचे : वायू मोजताना ठिपके वगळा, पण वर्तुळांची यादी जपून ठेवा. एकेका वर्तुळात दहा-वीसच फोटॉन असतील. तेवढ्यातही दोन ताऱ्यांची देवघेव आहे. पुढच्या कुणाचा प्रबंध त्या यादीतूनच सुरू व्हावा.